आप्पांच्या डबीतली थाप

आप्पा माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. पायांकडे बघत. समोर दूधवाला असो, कंपनीतला साहेब असो, नाहीतर खोल्यांची घरमालकीण म्हणजे साक्षात मी असो, नजर आपली घोट्याच्या खाली. शिक्रापूरला आमच्याकडे खोली बघायला आले त्या दिवशी मी त्यांना नियम सांगत होते आणि हा गृहस्थ माझ्या पायांकडे टक लावून. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःबद्दल माझे बरेच गैरसमज होते. पुढचे पंधरा दिवस मी टाचांना खोबरेल तेल चोळलं आणि अंगणात नव्या चपला घालून फिरले. मग लक्षात आलं की आप्पा आमच्या ह्यांच्या पायांकडेही तसंच बघतात, आणि दावणीच्या म्हशीच्याही. तेल वाया गेलं.

"तोंड काय, कुणी बी हसरं करतं वैनी," ते म्हणायचे. "पाय सोंग घेत न्हाईत." आमचे हे सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते, तेव्हा निकाल मला पहिल्यांदा आप्पांनी सांगितला. हे अजून फाटकातून आत येत होते, तोंडावर विजयी वीराचं हसू होतं. आप्पा कट्ट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "वैनी, चहात साखर जास्त टाका. भाऊ पडल्यात." खरंच पडले होते.

ही नजर कुठून आली ते नंतर कळलं. आप्पा मूळचे कासुर्डीजवळच्या धनगरवस्तीवरचे. वाडवडील मेंढरं घेऊन फिरायचे, आप्पांच्या पिढीला थोडी शेती आली आणि शेतीचं पाणी पुरेना म्हणून कंपनी आली. पण त्यांची खरी ओळख गजीचा ढोल. बिरोबाच्या जत्रेत पांढरे कपडे, फेटे आणि हातात रंगीत रुमाल घेऊन पुरुष गोल धरून नाचतात, ती गजी. ढोलवाला त्या गोलाच्या मधोमध उभा. नाचणारे त्याच्या भोवती. ढोलवाल्यानं त्यांची तोंडं बघायची नसतात, पावलं बघायची. पाऊल तापलं की चाल वाढवायची, पाऊल दमलं की एक आवर्तन सावरून घ्यायचं. आप्पांनी बावीस वर्षं ते केलं होतं. त्यांच्या वस्तीत ढोलवाला कोण म्हटलं की दुसरं नाव निघत नसे.

आमच्याकडे मात्र ते ढोलाशिवाय राहायला आले. कारण मी. महामार्गाकडेच्या आमच्या आठ खोल्यांच्या भिंतीवर मी रंगाऱ्याकडून सात नियम लिहून घेतले होते, आणि पाचवा नियम होता, 'खोलीत वाद्य वाजवू नये.' हा मी कशासाठी केला होता, देव जाणे. तोवर एकाही भाडेकरूकडे साधी पिपाणीसुद्धा नव्हती. नियम करायला मजा येते, म्हणून केला असणार. आप्पांनी तो वाचला नाही, चौथीनंतर त्यांची वाचायची सवय गेली होती. मीच तो मोठ्यानं वाचून दाखवला. ते बरं म्हणाले आणि ढोल वस्तीवरच राहिला.

पहिल्याच वर्षी कंपनीत प्रेस मशीनखाली त्यांचा डावा हात सापडला. चार बोटं गेली, अंगठा राहिला. आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत राहिले. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "दोन अंगठं हायेत अजून, वैनी." मला वाटलं, सहीची सवय गेलेला माणूस अंगठ्यावर समाधान मानतोय. मी तेव्हा हुशार समजली जायची.

ढोलाला उजवीकडून टिपरू लागतं, ते आप्पा धरू शकत होते. पण डावीकडून उघड्या पंजाची थाप लागते, आणि पंजाच राहिला नव्हता. त्या वर्षीच्या जत्रेला त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. मी गजी पहिल्यांदाच पाहत होते. गोलाच्या मध्ये दुसराच एक माणूस ढोल घेऊन उभा होता आणि आप्पा गोलाच्या बाहेर, नाचणाऱ्यांच्या चपलांच्या ढिगाशी बसले होते. राखण करायला. मंडळानं दिलेलं काम. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, उलट माणूस रिकामा बसू नये म्हणून दिलेलं. पण सबंध वेळ आप्पा नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत होते आणि त्यांचा डावा अंगठा मांडीवर एकटाच वाजत होता. परतीच्या वाटेवर केडगावला गाडी बदलताना ते मला म्हणाले, "त्यो पोरगा वाजवतो बरा. पर पायाकडं बघत न्हाई."

त्यानंतर दोनेक महिन्यांनी चार नंबरच्या खोलीतून आवाज यायला लागला. टिंव टिंव टिंव, मध्येच टुक्. मला वाटलं टाकीचा बॉल खराब झाला. मी दोनदा शिडी चढून टाकीत डोकावले. तिसऱ्या खेपेला आवाजाचा माग काढत गेले, तर आप्पा कॉटवर बसलेले, डाव्या हाताच्या उरलेल्या तळव्यावर एक घडीची डबी टेकवलेली आणि दोन्ही अंगठे तिच्या बटणांवर. मुलं खेळतात तो हातातला गेम. पाच नंबरमध्ये दास नावाचा ओडिशाचा चाळिशीचा इलेक्ट्रिशियन राहायचा. गावी जाताना दोन दिवस रेल्वेत वेळ जावा म्हणून त्यानं ती जुन्या बाजारातून घेतली होती. ती आता आप्पांकडे आली होती.

मी दारात उभी राहून त्यांना बरंच ऐकवलं. वय काय, करता काय, नातवंडं खेळायची वस्तू. आप्पांनी शांतपणे माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "खेळ न्हाई त्यो. बसा, दावतो."

त्या डबीत कंपनीनं दिले होते ते खेळच. पण जगात कुठं कुठं हौशी लोक आहेत, ते घरच्या घरी बसून अशा डब्यांसाठी आपले प्रोग्रॅम लिहितात आणि ज्याला हवा त्याला फुकट देतात. दासनं तसला एक गाणं बांधायचा प्रोग्रॅम कार्डात घालून दिला होता. फुकट म्हटल्यावर मला लगेच संशय आला. आप्पा म्हणाले, "विरजणासारखं हाय ह्ये. शेजारणीनं दिलं तर तुम्ही पैसं देता व्हय?" पडद्यावर आकडे आणि इंग्रजी अक्षरांच्या ओळी होत्या आणि एक पट्टी वरून खाली सरकत होती. पट्टी ज्या ओळीवर येईल तो आवाज वाजायचा. आप्पांनी प्रत्येक ओळीला एक पाऊल मानलं होतं. अक्षरांचं म्हणाल तर इंग्रजी येत नाही म्हणून हा माणूस अडला नाही. ए म्हणजे पाल, मेंढरांमागे जाताना ठोकतात ते. सी म्हणजे विळा. ई म्हणजे दंताळं. "विळ्याखाली दंताळं आलं की पाऊल उचलायचं," असं ते मला समजावत होते. मी दहावी पास, मला ओ की ठो कळलं नाही. मी मान मात्र जाणत्यासारखी हलवली.

अडचण एकच होती. चाल गजीची, पण आवाज टिंव टिंव. "ह्या आवाजावर कोंबडीबी नाचायची न्हाई," आप्पा म्हणायचे. मग दासनं शोधून काढलं की डबीला माईकचं बारीक भोक आहे आणि बाहेरचा आवाज तिच्यात धरून ठेवता येतो. आप्पा माझ्याकडे आले, भिंतीवरच्या पाचव्या नियमाकडे बोट दाखवून म्हणाले, ह्याला एक दिवस सुट्टी द्याल का. मी दिली. देताना उपकार केल्यासारखा चेहरा केला, तो मला अजून आठवतो आणि लाज वाटते. ते वस्तीवर जाऊन दोन गाड्या बदलत मांडीवर ढोल घेऊन आले.

गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी आणि लाइट बंद, म्हणून गुरुवार धरला. पंख्यांचा आवाज नको. टिपऱ्याचा घुमारा आप्पांनी स्वतः मारला, तो पहिल्या फटक्यात बसला. थाप काही बसेना. दासचा हात त्यांना कापसावर मारल्यासारखा वाटला. आमच्या ह्यांनी मारली तर म्हणाले, "भाऊ, शिक्का मारल्यागत वाटतंय." सगळे दमून चहाला बसले. मी आत भाकऱ्या थापत होते. थोड्या वेळानं आप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी आले, खाली बघतच.

"वैनी, दोन वर्सं भिंतीपलीकडनं तुमची भाकर ऐकतोय. थाप पडती ती मोकळी पडती. त्यो हात द्या."

मी आधी नाही म्हटलं. घरमालकीण भाडेकरूचा ढोल बडवणार, लोक काय म्हणतील. शिवाय गजीच्या ढोलाला बायकांनी हात लावलेला त्यांच्यातल्या जुन्या माणसांना चालत नाही, हे आप्पांनीच मला एकदा सांगितलं होतं. त्याची मी त्यांना आठवण करून दिली. "ठावं हाय," ते म्हणाले आणि तसेच उभे राहिले. मी हाताचं पीठ धुऊन आले, दार लावून घ्यायला सांगितलं आणि खाली बसले.

रस्त्यावर ट्रक चालूच. ट्रक लांब गेला की आप्पा मान हलवायचे, मी थाप मारायची. पाच-सहा वायाच गेल्या. मग माझ्या हिरव्या बांगड्या किणकिणतात म्हणून मी त्या काढायला लागले, तर त्यांनी थांबवलं. म्हणाले, बांगड्या काढल्या की तुमचा हात घाबरंल. पुढची थाप मी न घाबरता मारली. आप्पांनी ती डबीतून परत वाजवली. धप्प, आणि तिच्या शेपटाला बारीकशी किणकिण. त्यांनी डोळे मिटून घेतले. नंतर मला चार दिवस भाकऱ्या नीट थापता आल्या नाहीत, इतकी मी फुगले होते.

त्या वर्षी गजीचे म्होरके, थोरले मामा, एका फेरीपुरते डबीवर नाचायला तयार झाले. आप्पांनी डबीची वायर स्पीकरला जोडली आणि गोलाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. यंत्र आपलं एका चालीनं वाजत राहतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणून उजव्या अंगठ्याखालचं एक बटण त्यांनी चाल वाढवायला नेमलं होतं. पायांकडे बघायचं आणि पाऊल तापलं की एकदा दाबायचं. दोन वर्षांनी तो माणूस मधोमध उभा होता आणि ते बघून मला राहवलं नाही. वाजवायच्या आधी ढोलावर भंडारा वाहतात, हे मी पाहिलं होतं. मी पुढं झाले आणि भली मोठी चिमूट भंडारा त्या उघड्या डबीवर वाहिला. नमस्कारही केला. आपल्याला सगळ्या रीती कळतात हे चार लोकांना दिसावं, एवढाच माझा भक्तिभाव.

सुरुवात झकास झाली. पावलं तापली, आप्पांनी बटण दाबलं आणि बटण वर आलंच नाही. हळद आत जाऊन बसली होती. चाल वाढली, मग वाढली, मग वाढतच गेली. पिकल्या मिशांची माणसं कुत्रं मागं लागल्यासारखी पळायला लागली. एकाचा फेटा सुटला, त्यात दुसऱ्याचा पाय अडकला, तिघे एकमेकांवर पडले. लोक पोट धरून हसले. थोरल्या मामांनी वायर उपटली आणि म्हणाले, "आप्पा, गुमान बाहेर बस." आप्पा चपलांच्या ढिगाशी जाऊन बसले. आणि मी? मी हात पदराला पुसले आणि गर्दीत मागं सरकले. यंत्राचा काय भरवसा, असं शेजारणीला म्हणालेसुद्धा.

सांगेन सांगेन म्हणत मी चार महिने काढले. शेवटी एका सकाळी भाकरी द्यायला गेले आणि ताट खाली ठेवताना बोलून टाकलं. आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. "ठावं हाय," ते म्हणाले. "दासनं डबी उघडली तवा आत पिवळं निघालं. तसा भंडारा माझ्या मंडळात कोन वाहत न्हाई, चमच्यानं वाहिल्यागत." मग इतके दिवस बोलला का नाहीत, असं मी विचारलं. तर म्हणाले, "त्या दिवशी माघारी फिरताना तुमचं पाय बघितलं व्हतं. त्येंनी सांगितलं व्हतं सगळं."

नंतर थोडा वेळ त्यांनी डबी हातात फिरवली. मामांनी अजून एक फेरी दिली तर देतील, ते म्हणाले, पण ती शेवटची. पुन्हा फजिती झाली तर गजीत आप्पांचं नाव चपलांपुरतंच. आणि भंडारा तर लागणारच, बिनभंडाऱ्याचं वाद्य देवापुढे वाजत नाही. मी घरात गेले आणि दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून घेऊन आले. डबी तिच्यात बसवली, तोंड दोऱ्यानं बांधलं, वायरपुरतं भोक ठेवलं. पातळ प्लॅस्टिकमधून बटणं दबत होती. आप्पा पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून हसले.

पुढच्या जत्रेत थोरल्या मामांनी दुधाच्या पिशवीकडे पाहिलं. भंडारा त्यांनी स्वतः वाहिला. मला हात बांधून उभं राहायची सूचना होती. आप्पांनी एक आवर्तन नुसतं ऐकवलं, तसा मामांनी हात वर केला. सगळे थांबले.

"ह्यात बांगडी वाजती," मामा म्हणाले. "हात कुनाचा?"

मी बांगड्या पदराखाली झाकल्या. खोटं बोलायला आप्पांना अगदी सोपं होतं. झांज आहे म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण ते मामांच्या पायांकडे बघत म्हणाले, "आमच्या घरमालकिणीचा. माझा ऱ्हायला न्हाई, म्हनून तिचा घेतला."

जुनी माणसं आपसात कुजबुजली. मामांनी डबीकडे नाही, गोलातल्या माणसांकडे पाहिलं. त्या एका आवर्तनानं कितीतरी पाय नकळत उचलले जायला लागले होते, आणि आवाज बंद झाल्यावर ते तसेच जागच्या जागी चुळबुळत होते. आप्पा तेच तर बघत होते.

"पायांस्नी चालतंय," मामा म्हणाले. "वाजीव."

ती गजी दीड तास चालली. आप्पा गोलाच्या मधोमध, फेटा बांधलेले, दुधाची पिशवी छातीशी, मान खाली आणि नजर पायांवर. पाऊल तापलं की उजवा अंगठा दाबला जायचा, दमलं की चाल उतरवायला डावा. एकही पाऊल चुकलं नाही. आता चपला कोण राखणार, असं कुणीतरी मध्येच विचारलं, तेव्हा आठ खोल्यांची, सात नियमांची मालकीण पदर खोचून ढिगाशी जाऊन बसली. एक चप्पल इकडची तिकडे होऊ दिली नाही. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते सर्वांत मानाचं पद.

घरी आल्यावर मी रंगाऱ्याला बोलावून पाचवा नियम पुसायला लावला. रंग जुळला नाही. भिंतीवर तिथे अजून एक फिकट पट्टा आहे.

आप्पा त्यानंतर आठ वर्षं गोलात उभे राहिले. नोकरी संपल्यावर वस्तीवर गेले. शिक्रापूरच्या बाजूला आले की कट्ट्यावर बसून भाकरी खायचे आणि माझ्या सुनेची थाप ऐकून म्हणायचे, "शिकंल हळूहळू." दौंडकडची दोन-तीन मंडळं त्यांच्याकडे चाल मागायला आली. त्यांनी ती कार्डात घालून दिली, विरजणासारखीच, एक चहा घेऊन. ते गेले त्याला आता चार वर्षं झाली. आजारी होते तेव्हा मी भेटायला गेले होते. नजर अंधुक झालेली. मी उंबऱ्यातून आत दोन पावलं टाकली आणि खाटेवरून आवाज आला, "वैनी, गुडघं धरल्यात. जिना चढू नका."

त्यांची डबी आता मंडळाच्या पेटीत असते. बिजागरी तुटली म्हणून दुसरी घेतली, आत चाल तीच, थाप तीच. आप्पांची लेक वाजवते. गोलाच्या मधोमध उभी राहून, मान खाली घालून. बाईनं तिथे उभं राहावं का, असं आता कुणी विचारत नाही. बाईचा हात तिथे आधीपासूनच आहे.

माझ्या हातात मात्र तो जोर राहिला नाही. मनगट सुजतं, भाकरी सून थापते. हिरव्या बांगड्या आमचे हे गेले तेव्हा उतरल्या. त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईची मी एवढी टिंगल करते, कारण ती तशीच होती, टाचांना तेल लावणारी, नसते नियम करणारी, भंडारा चमच्यानं वाहणारी. पण थाप तिनं मोकळी मारली, एवढं तिच्या पदरात टाकलं पाहिजे.

जत्रेला मी अजून जाते आणि चपलांशीच बसते, ती जागा मी सोडलेली नाही. यंदा शेजारी एक पाहुणा उभा होता, यवतचा, स्पीकरचा धंदा असलेला. गजी रंगात आली होती. तो कान देऊन ऐकत होता. मग मला म्हणाला, "आवाज एक नंबर हाय मावशी. पर थापेच्या मागं काहीतरी किणकिणतंय. मशीनमधी बिघाड दिसतोय."

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. ठेका धरला होता.

"बिघाड न्हाई बाबा त्यो," मी म्हटलं. "मी हाय ती."